वार्धक्यवेतन आणि वृद्धांचें अन्न

पेन्शन हा शब्द आपल्या पांढरपेशा घरांत इतका रुळला आहे कीं, तो परका आहे याची आठवणही आतां कोणास राहिलेली नाहीं. कचेरींत किंवा शाळेंत तीस वर्षें इमानानें चाकरी करावी आणि मग दरमहा ठरल्या दिवशीं ठरलेली रक्कम घरबसल्या हातीं यावी, असा त्याचा अर्थ आपण धरून चालतों. पुणें हें तर एके काळीं पेन्शनरांचें शहर म्हणूनच ओळखलें जाई. सकाळचें फिरणें, वाचनालयांतील वर्तमानपत्र आणि वेळच्या वेळीं पानावर वाढलेलें गरम अन्न, असें या पेन्शनराचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें असतें. त्यांत कोणास नवल वाटत नाहीं. कारण तें केलेल्या नोकरीचें मागें ठेवलेलें वेतन आहे. परंतु ज्यानें कोणत्याही दप्तरांत नोकरी केली नाहीं, ज्यानें जन्मभर दुसऱ्याच्या शेतांत औत धरलें किंवा जिनें चार घरचीं धुणीं धुतलीं, अशा माणसास केवळ म्हातारपण आलें एवढ्याच कारणास्तव सरकारनें पैसे द्यावे, ही कल्पना मात्र फार जुनी नाहीं. आणि ती निघाली तेव्हां शहाण्यासुरत्या लोकांनाही ती विपरीत वाटली होती.

या कल्पनेचा इतिहास बहुतकरून अर्थशास्त्राच्या ग्रंथांत सांपडतो व तेथें तो जमाखर्चाच्या भाषेंत सांगितलेला असतो. आम्हांस तो येथें स्वयंपाकघराच्या बाजूनें पाहावयाचा आहे. असे पैसे घरांत आले म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या ताटांत काय फरक पडतो? तो फरक केवळ पैशानें पडतो, कीं पैसा ज्या रीतीनें येतो तिच्यामुळें? या प्रश्नाचें उत्तर जेथें बऱ्याच स्पष्टपणें वाचतां येतें असा देश म्हणजे इंग्लंड. म्हणून आम्ही प्रथम तिकडे वळतों आणि मग आपल्या घराकडे परत येतों.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड हें जगांतील अत्यंत संपन्न राष्ट्र होतें. पण तेथील मजूर थकला म्हणजे त्याच्यापुढें तीनच वाटा असत. मुलांच्या आश्रयास जाणें, शेजारधर्मावर दिवस काढणें, आणि या दोन्ही बंद झाल्या तर गरिबांच्या कायद्याचें दार ठोठावणें. तो कायदा १८३४ सालीं नव्यानें घडविण्यांत आला. त्याचें मूलतत्त्व असें होतें कीं, सार्वजनिक पैशानें पोसल्या जाणाऱ्या माणसाची स्थिति बाहेरच्या हलक्यांत हलक्या स्वतंत्र मजुराहूनही खालची असली पाहिजे. म्हणजे खरा अडलेला असेल तोच मदत मागावयास येईल. हें तत्त्व योजिलें होतें धडधाकट माणसास कामाला लावण्यासाठीं. परंतु त्या तत्त्वानुसार जीं वर्कहाउसें उभीं राहिलीं, त्यांच्या भिंतींआड कालांतरानें मोठा भरणा झाला तो म्हाताऱ्यांचा. ज्यांना काम करवतच नव्हतें त्यांनाच आळसाच्या शिक्षेसाठीं बांधलेल्या घरांत राहावें लागलें.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण आमच्या विषयाचें सारें मर्म तींत आहे. वर्कहाउसांत अन्न मिळत नसे असें नव्हे. तेथें आहाराचीं कोष्टकें ठरलेलीं असत. सकाळीं पाव व पातळ पेज, दुपारीं कांहीं दिवस मांस व बटाटे, इतर दिवशीं सूप किंवा पाव-चीज, असा क्रम असे. आणि आपला वांटा कमी आहे असें वाटल्यास तो समक्ष तोलून घेण्याचा अधिकारही आंतल्या माणसास होता. साठीच्या पुढील वृद्धांना सकाळच्या पेजेऐवजीं आठवड्यास एक औंस चहा, पांच औंस लोणी व सात औंस साखर देण्याची मुभा १८३६ च्या सुमाराच्या कोष्टकांतून आढळते. बाहेर खोलींत एकटी राहणारी म्हातारी पुष्कळदां पाव आणि वारंवार उकळलेला चहा यांवरच दिवस काढी. म्हणजे नुसत्या वजनानें पाहिलें तर आंतलें अन्न बाहेरच्याहून कमी नव्हतें आणि अनिश्चित तर मुळींच नव्हतें.

असें असूनही लोक उपाशी राहत, पण आंत जात नसत. कारण दाराशींच माणसाचें स्वतःचें असें सारें काढून घेतलें जाई. अंगावरचे कपडे जमा होत व संस्थेचा गणवेष मिळे. नवराबायकोंना वेगवेगळ्या दालनांत ठेवीत. साठी उलटलेल्या जोडप्यांस एकत्र राहूं देण्याची तरतूद १८४७ सालीं झाली खरी, परंतु पुष्कळ ठिकाणीं ती कागदावरच राहिली. मरणही सुटलेलें नव्हतें. १८३२ च्या एका कायद्यान्वयें बेवारशी प्रेतें शरीरशास्त्राच्या शाळांना देतां येत, आणि या भीतीनें गरीब माणसें पोटास चिमटा घेऊन स्वतःच्या मूठमातीसाठीं आठवड्यास पेनी-पेनी भरीत. ज्या अन्नाची किंमत म्हणून माणुसकी मोजावी लागते, तें अन्न ताटांत असूनही नसल्यासारखेंच होतें. आजच्या भाषेंत ज्याला अन्नसुरक्षा म्हणतात तिचा विचार करतांना हा धडा विसरूं नये असें आम्हांस वाटतें.

घरीं बसून मिळणारी मदतही होती. आठवड्यास बहुधा अडीच-तीन शिलिंग, कोठें त्याबरोबर पाव. परंतु ती देणें न देणें स्थानिक मंडळाच्या मर्जीवर असे, आणि १८७० नंतर ती शक्य तितकी बंद करण्याची मोहीमच निघाली. म्हाताऱ्यांस त्यांच्या मुलांनीं पोसावें, मुलें पोशीत नसतील तर म्हाताऱ्यांनीं वर्कहाउसांत जावें, असा तिचा रोख होता. मुलांच्या घरीं आधींच पांच-सहा लहानग्यांचीं तोंडें असत आणि शेतमजुराचा आठवड्याचा रोजगार पंधरा ते अठरा शिलिंगांच्या आसपास असे. अशा घरांत आजीचा घास नातवाच्या घासांतूनच काढावा लागे. प्रेम नव्हतें असें नाहीं. पण प्रेमाला पाव विकत मिळत नसे.

ही स्थिति नशिबाची नसून हिशेबाची आहे, हें ज्यांनीं दाखवून दिलें त्यांत दोन नांवें मुख्य आहेत, आणि दोन्ही व्यापारी घराण्यांतील आहेत हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पहिले चार्लस बूथ. हे जहाजांचे मालक. लंडनच्या गरिबीची गल्लीवार पाहणी त्यांनीं स्वखर्चानें केली. म्हातारपणचें दारिद्र्य हें दारू किंवा उधळेपणा यांचें फळ असतें, ही त्या काळची सर्वमान्य समजूत. बूथ यांनीं आंकड्यांनीं दाखविलें कीं, तें बहुतांशीं म्हातारपणाचेंच फळ आहे. १८९१-९२ च्या सरकारी गणतींत पासष्टीच्या वरील माणसांपैकीं दर शंभरांत सुमारे तीस जणांनीं वर्षभरांत केव्हांना केव्हां गरिबांच्या कायद्याखालीं मदत घेतल्याचें आढळलें. धनिकांची घरें वगळलीं तर कष्टकरी वर्गांतील प्रमाण याहून कितीतरी भरणार हें उघड होतें. इतके सारे लोक दुर्गुणी असणें शक्य नव्हतें. बूथ यांनीं उपाय सुचविला तो साधा होता: पासष्ट वर्षांच्या प्रत्येक माणसास, कसलीही चौकशी न करतां, आठवड्यास पांच शिलिंग द्यावे.

दुसरे सीबोम राउंट्री, यॉर्क शहरच्या चॉकोलेट कारखानदाराचे चिरंजीव. १९०१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं एक नवीच गोष्ट केली. देहाचे व्यवहार चालू राहण्यास किमान किती अन्न लागतें, तें यॉर्कच्या बाजारभावानें घेतल्यास किती पैसे पडतात, हें त्यांनीं मांडलें. प्रौढ माणसामागें आठवड्यास तीन शिलिंग हा त्यांचा आंकडा. हा आहार इतका काटेकोर होता कीं, त्यांत ताजें मांस मुळींच नव्हतें, आणि वर्कहाउसांतील धडधाकट माणसास मिळे त्याहूनही तो कमी होता. पांच माणसांच्या कुटुंबास भाडें, सरपण व कपडा धरून एकवीस शिलिंग आठ पेन्स लागतात असा त्यांनीं हिशेब केला. भूक किती आणि तिला पैसे किती, हा प्रश्न प्रथमच सर्वांना समजेल अशा आंकड्यांत उभा राहिला. बूथ यांचे पांच शिलिंग आणि राउंट्री यांचे तीन शिलिंग शेजारीं ठेवले म्हणजे पुढचा इतिहास वाचणें सोपें जातें.

एव्हांना इतर देश पुढें गेले होते. जर्मनींत बिस्मार्कच्या कारकीर्दींत १८८९ सालीं मजुराच्या व मालकाच्या वर्गणींतून वृद्धवेतनाचा कायदा झाला. डेन्मार्कनें १८९१ सालीं व न्यूझीलंडनें १८९८ सालीं वर्गणीवांचून, सरकारी तिजोरींतून, गरीब वृद्धांस वेतन देण्यास आरंभ केला. वर्गणीची अट म्हणजे ज्या बाईनें घरचें व दारचें काम केलें, पण पगारपत्रकावर जिचें नांव कधींच चढलें नाहीं, तिला वगळणें होय. इंग्लंडनें पहिल्या पावलास तरी डेन्मार्क-न्यूझीलंडची वाट धरली. योजना ॲस्क्विथ यांनीं आंखली, आणि ते पंतप्रधान झाल्यावर नवे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनीं ती पार्लमेंटांतून पार नेली. १ ऑगस्ट १९०८ रोजीं कायदा झाला. लोकांची काटकसरीची संवय मोडेल, मुलें आईबापांस वाऱ्यावर सोडतील, तिजोरी रिकामी होईल, असे आक्षेप भराभर आले. ज्यांना वांचवावयास कांहींच नव्हतें त्यांच्या काटकसरीची काळजी ज्यांना कशाचीच वाण नव्हती असे लोक करीत होते.

कायदा उदार होता असें म्हणवत नाहीं. वय सत्तर, बूथ यांनीं मागितलें होतें पासष्ट. रक्कम आठवड्यास अधिकांत अधिक पांच शिलिंग, तीही वार्षिक उत्पन्न २१ पौंडांच्या आंत असेल तर. त्यापुढें ती उतरत जाऊन ३१ पौंड १० शिलिंगांच्या वर कांहींच नाहीं. तुरुंगांत गेलेला, किंवा शक्ति असून कामाची टाळाटाळ करणारा, अपात्र. शिवाय १९१० अखेरपर्यंत, जो गरिबांच्या कायद्याची मदत घेत होता तोही अपात्र. म्हणजे ज्याची भूक सर्वांत मोठी त्यालाच दोन वर्षें दाराबाहेर ठेवलें. तरीही या कायद्यांत एक गोष्ट अशी होती कीं, तिनें बाकीचें सारें झांकून गेलें. हें वेतन गरिबांच्या मंडळाकडून नव्हे, तर पोस्टांत मिळणार होतें. ज्या खिडकीवर सावकारही तिकिटें घेतो, त्याच खिडकीवर म्हातारीनें आपलें पुस्तक पुढें करावयाचें आणि पैसे मोजून घ्यावयाचे. कोणी तिला प्रश्न विचारणार नव्हता.

१ जानेवारी १९०९ रोजीं पहिलें वेतन वांटलें गेलें. थोड्याच महिन्यांत तें घेणाऱ्यांची संख्या पांच लाखांच्या वर गेली, आणि त्यांत स्त्रियाच अधिक होत्या. फ्लोरा टॉम्प्सन या लेखिका तरुणपणीं खेड्यांतल्या पोस्टांत काम करीत. आपल्या ‘लार्क राइज’ या आठवणीवजा पुस्तकांत त्यांनीं त्या दिवसांचें जें वर्णन केलें आहे, त्यांत कांहीं म्हाताऱ्यांच्या गालांवरून आसवें वाहत होतीं आणि खिडकीमागच्या मुलींना देण्यासाठीं ते बागेंतलीं फुलें व सफरचंदें घेऊन येत, असें सांगितलें आहे. एवढी रक्कम देणारा मोठा सरदारच असला पाहिजे अशा समजुतीनें ते लॉइड जॉर्ज यांस लॉर्ड म्हणत. आम्हांस त्या सफरचंदांचें महत्त्व अधिक वाटतें. ज्याला भीक मिळते तो देणाऱ्यास कांहीं देऊं शकत नाहीं. हक्काचें मिळालें म्हणजे माणसास दुसऱ्यास देण्याची ऐपत येते. मग तें एक सफरचंद कां असेना.

आतां ताटाकडे पाहूं. पांच शिलिंगांत राउंट्री यांच्या हिशेबाचे तीन शिलिंग अन्नाचे काढले, तर दोन उरत. एकट्या माणसाचें भाडें, कोळसा व दिवाबत्ती त्यांत भागणें कठीण. तेव्हां हें वेतन एकट्याचें घर चालविण्यास पुरेसें नव्हतें, आणि तें पुरेसें आहे असा सरकारचाही दावा नव्हता. परंतु मुलाच्या किंवा लेकीच्या घरीं राहणाऱ्या म्हाताऱ्यास तें पुष्कळच होतें. काल जो खाणारें एक तोंड होता, तो आज आठवड्यास पांच शिलिंग आणणारा माणूस झाला. आईबापांस मुलें टाकतील अशी जी भीति घातली होती, तिच्या उलट घडलें. त्यांना ठेवून घेणें परवडूं लागलें. रॉबर्ट रॉबर्ट्स यांनीं सॉल्फर्ड गांवच्या गरीब वस्तींतील आपल्या आईच्या दुकानाची हकीकत लिहिली आहे. तेथें वृद्ध गिऱ्हाइकें वेतनाचे पैसे घेऊन सामानास येत, तेव्हां लॉइड जॉर्ज यांचें नांव देवाच्या नांवासारखें घेत. उधारी मागणाऱ्या म्हातारीनें रोख पैसे टाकून चहा, साखर, लोणी घ्यावें; पाऊणशें वर्षांपूर्वीं वर्कहाउसांत कृपा म्हणून मिळणारे तेच तीन जिन्नस आतां ती आपल्या पसंतीनें घेऊं लागली. घरीं बसून गरिबांची मदत घेणारे सत्तरीवरील लोक १९०६ सालीं दीड लाखांहून अधिक होते. पहिल्या महायुद्धाच्या तोंडाशीं ते दहा हजारांच्याही आंत आले. वर्कहाउसांतील संख्या मात्र तितकी घटली नाहीं. कारण तेथें जे होते त्यांना नुसते पैसे नव्हे, तर शुश्रूषा करणारें माणूस हवें होतें. वेतनानें काय होतें याबरोबर काय होत नाहीं, तेंही येथें दिसतें.

एक गंमत आयर्लंडची. तेथें जन्मनोंदणी सक्तीची झाली ती १८६४ सालीं. मग १९०९ सालीं सत्तर वर्षें पुरीं झालीं याचा दाखला कोठून आणावा? तेव्हां ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीं झालेलें भयंकर वादळ कामास आलें. त्या रात्रीची आठवण सांगतो तो सत्तरीचा, असें मोजमाप पुष्कळ ठिकाणीं चाललें, आणि त्या रात्रीं आपण बटाटा स्वतःच्या हातानें खाण्याइतके मोठे होतों असें सांगणारे अनेक निघाले म्हणतात. सरकारी माणसांनीं यास लबाडी म्हटलें. परंतु ज्यांच्या जन्माची नोंद ठेवण्याची तसदी सरकारनें कधीं घेतली नाहीं, त्यांच्याकडे त्या नोंदीचा पुरावा मागणें हीही एक प्रकारची थट्टाच नव्हे काय?

यानंतरचा भाग मात्र वाचतांना मन खिन्न होतें. वेतनाचा आंकडा कायद्यांत कोरलेला होता, बाजारभाव तसे नव्हते. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि १९१८ अखेरीस खाद्यपदार्थांचे भाव दुपटीहून अधिक झाले. पोस्टाची खिडकी तीच, पुस्तक तेंच, मान तोच. पण पिशवी अर्ध्याहून अधिक रिकामी. मध्यंतरीं थोडी भर घातली गेली आणि १९१९ सालीं वेतन दहा शिलिंग झालें, तेव्हां कोठें गाडी मूळ ठिकाणाजवळ आली. १९२५ च्या कायद्यानें वर्गणी भरणाऱ्यांस पासष्टाव्या वर्षीं वेतन मिळूं लागलें. परंतु त्यावर जगणें किती अवघड झालें होतें हें कळलें तें १९४० सालीं. त्या वर्षीं गरज असणाऱ्या वृद्धांस पूरक रक्कम देण्याचें ठरलें, आणि तीही गरिबांच्या मंडळाकडून नव्हे, हें स्पष्ट झालें. अपेक्षा सुमारें चार लाखांची होती. पुढें आले ते दहा लाखांहून अधिक. इतके लोक इतकीं वर्षें मुकाट्यानें कमी खाऊन राहत होते आणि शेजाऱ्यासही त्याचा पत्ता नव्हता. भूक लपविणें हें सभ्य गरिबाचें शेवटचें वैभव असतें. तें उघडें न पाडतां मदत केली तरच ती त्याच्यापर्यंत पोंचते. १९४८ सालीं गरिबांचा कायदा कायमचा निकालांत निघाला.

आतां आपल्याकडे. ज्या इंग्रज सरकारनें आपल्या देशांत १९०९ सालीं वेतनाची खिडकी उघडली, त्याच सरकारच्या अमलाखालीं असलेल्या आपल्या मुलुखांत म्हाताऱ्यांस अन्न देण्याचें कर्तव्य फक्त दुष्काळापुरतें मानलेलें होतें. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि १८८० चें दुष्काळ कमिशन यांतून जे नियम झाले, त्यांत काम न करवणाऱ्या वृद्ध, पंगु लोकांना धर्मार्थ मदत देण्याचें कलम होतें. पाऊस पडला कीं तें संपे. एरवीं एकत्र कुटुंब आहेच, असें सरकारही म्हणे आणि आपणही म्हणत होतों. तें खोटें होतें असें नव्हे. पण ज्याला शेत नाहीं, वाडा नाहीं, ज्याचा मुलगा गिरणींत नाहीं तर बोटीवर गेलेला, त्या घराचें एकत्रपण किती टिकतें हें आम्हीं पांढरपेशांनीं फारसें तपासून पाहिलें नाहीं. शेतकऱ्याच्या घरीं विधवा चुलती शेवटच्या पंक्तीस काय जेवते, हें पंक्तींत आधीं बसणाऱ्यांस ठाऊक नसतें.

स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशानें १९५७ सालीं निराधार वृद्धांस वेतन देण्यास आरंभ केला. महाराष्ट्रांत १९८० सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. पुढें श्रावणबाळाच्या नांवानें पासष्टीवरील वृद्धांसाठीं स्वतंत्र योजना झाली. मध्यवर्ती सरकारनें १५ ऑगस्ट १९९५ पासून देशभर वृद्धवेतन सुरू केलें तें दरमहा ७५ रुपयांनीं. १ एप्रिल २००० पासून अन्नपूर्णा योजना निघाली. वेतनास पात्र असूनही तें न मिळणाऱ्या वृद्धास महिन्यास दहा किलो धान्य फुकट. पैसे देतां येत नसतील तर निदान दाणे द्यावे, हा त्यांतला कबुलीजबाब होता. पुढच्याच वर्षीं अन्नाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढें आला. २८ नोव्हेंबर २००१ च्या हुकुमांत न्यायालयानें ज्या अन्नविषयक योजनांना हक्काचें स्वरूप दिलें, त्यांत शाळेंतील जेवण व शिधावाटप यांच्या पंक्तीस वृद्धवेतनही बसविलें, आणि तें दर महिन्याच्या सात तारखेच्या आंत दिलें जावें असें सांगितलें. वृद्धाचें वेतन हा अन्नाचा प्रश्न आहे हें सत्य अर्थशास्त्र्यांच्याही आधीं न्यायासनानें इतक्या रोखठोक शब्दांत मान्य केलें, याचें आम्हांस समाधान वाटतें.

कोणी म्हणेल, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें माणशीं महिना पांच किलो धान्य मिळतें, आणि २०२३ च्या आरंभापासून तें फुकट झालें. मग वेतन कशाला? याचें उत्तर कोणतीही गृहिणी देईल. ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पोत्यानें भाकरी होते, भात होतो. पण कोरड्यास कोठून येणार? डाळ, तेल, मीठमिरची, चहाची पूड, दांत नसलेल्या माणसास लागणारें दूध, गिरणीचें दळण आणि गॅसची टांकी, हीं सर्व रोख पैशानेंच येतात. शिध्यानें पोट भरतें. जेवण होतें तें वेतनानें. शिवाय रोख रक्कम हातीं असली म्हणजे घरांत शब्दास वजन येतें. दक्षिण आफ्रिकेंत वर्णभेद संपण्याच्या सुमारास काळ्या वृद्धांचें वेतन गोऱ्यांच्या बरोबरीस आणलें गेलें, तेव्हां एस्तर डुफ्लो या विदुषींनीं तेथील घरांचे आंकडे तपासले. ज्या घरीं तें वेतन आजीच्या हातीं आलें, त्या घरच्या नातींची वाढ सुधारलेली दिसली. आपल्याकडे नातवाच्या हातावर खाऊ ठेवणाऱ्या आजीस हें सांगावयास कोणा संशोधकाची गरज नाहीं.

परंतु इंग्लंडच्या इतिहासांतील दोन्ही दोष आपणही तंतोतंत उचलले आहेत. पहिला दोष थिजलेल्या आंकड्याचा. मध्यवर्ती सरकारचा वांटा २००६ सालीं २०० रुपये झाला. ऐंशीच्या वरील वृद्धांचा तो २०११ सालीं ५०० झाला, पण त्याखालील वयाच्यांचा २०२३ सालींही तो २०० च होता, आणि मध्यंतरीं बाजार दुपटीच्याही पुढें गेला होता. महाराष्ट्रानें आपली भर घालून एकूण रक्कम २०१९ सालीं ६०० वरून १,००० आणि २०२३ सालीं १,५०० केली, ही चांगली गोष्ट. पण प्रत्येक वाढ ही कोणाच्या तरी औदार्याची घोषणा म्हणून आली, भावांशीं बांधलेला नियम म्हणून नव्हे. दुसरा दोष पुराव्याचा. लॉइड जॉर्ज यांच्या कायद्यांत २१ पौंडांची मर्यादा होती; आपल्याकडे अनेक वर्षें कुटुंबाच्या २१,००० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा राहिली, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, बँकेंतला अंगठा, आणि दर वर्षीं आपण अजून जिवंत आहों याचा हयातीचा दाखला! पानशेत फुटलें त्या वर्षीं, १९६१ सालीं, आपण पाळण्यांत होतों आणि १९६७ च्या कोयनेच्या भूकंपांत आईनें आपणांस अंगणांत आणलें, एवढेंच जिला ठाऊक, तिच्यांत आणि वादळाच्या रात्रीचा बटाटा आठवणाऱ्या आयरिश म्हाताऱ्यांत अंतर तें किती?

सारांश, वेतनानें वृद्धाच्या ताटांत जें येतें तें केवळ रकमेच्या मोजमापाचें नसतें. वर्कहाउसांत अन्न होतें, मान नव्हता, म्हणून भूक उरली. १९०९ सालीं मान आला आणि थोड्या पैशानें पुष्कळ भूक भागली. पुढें मान राहिला, पण पैशाची किंमत गळाली, तेव्हां भूक परत आली आणि ती लाजेनें लपून बसली. हक्क आणि पुरेशी रक्कम हीं एका कावडीचीं दोन पारडीं आहेत. एक हलकें झालें कीं दुसरेंही जमिनीस टेंकतें.

कावडीवरून सहज आठवलें. आपल्या सरकारनें या योजनेस श्रावणबाळाचें नांव दिलें तें योग्यच दिलें. म्हाताऱ्या आईबापांस खांद्यावर वाहणारा पुत्र तो. परंतु त्या कथेचा शेवट आपण मुलांना सांगतांना जरा घाईनें उरकतों. श्रावण पाणी आणावयास गेला होता. आंधळे आईबाप तहानलेले, झाडाखालीं वाट पाहत बसले होते. आणि पाणी आलें तें इतक्या उशिरानें व अशा हातानें कीं, तें त्यांच्या उपयोगी पडलें नाहीं. नांव घेतलें आहे, तर पाणी वेळेवर आणि पुरेसें पोंचविण्याची जबाबदारीही घ्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.